उलटी सायकल

"सायकल उलटी, तोंड बंद." हा माझ्या मित्राचा नियम. लांबच्या प्रवासात ज्याला एक दिवस थांबावंसं वाटेल, त्यानं सकाळी उठून आपली सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी करायची. दुसऱ्यानं ती बघायची आणि गुमान चहा सांगायचा. काय दुखतंय, कशाला थांबायचं, असलं काही विचारायचं नाही. ऐकायला नियम फार चांगला होता. पण त्यानं स्वतःची सायकल कधी एकदाही उलटी केली नाही. तो माझी करायचा.

शिवाजी पेठेत तालमीला लागून त्याचं मोटारसायकलींच्या सीट कव्हरचं दुकान होतं. मी मागच्या गल्लीत राहतो, मूळचा मुरगूडचा. पेठेत राहून माझे केस पिकले, पोरं इथं शिकून नोकरीला लागली, तरी तालमीच्या कट्ट्यावर माझं नाव अजून 'पावणं' हेच आहे. तो मात्र अस्सल पेठेचा. तरुणपणी पेठेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. एका सामन्यात मनगट मोडलेलं असताना तो शेवटपर्यंत गोलात उभा राहिला, ही गोष्ट कट्ट्यावर अजून चवीनं सांगतात. ते मनगट पुढं कायमचं वाकडं राहिलं आणि रेक्झीन ओढताना त्याला जन्मभर दुखलं, ते कुणी सांगत नाही.

पन्नाशी उलटल्यावर आम्ही दोघं सायकलीनं कन्याकुमारीला निघालो. धारवाडला सकाळी मी बूट घालून लॉजच्या खाली आलो, तर माझी सायकल उलटी. मला काहीही झालेलं नव्हतं.

"हे काय?"

"तू दमलाईस," तो म्हणाला. "तुला कळंना झालंय. मला दिसतंय की."

मग त्यानं तालमीत फोन लावला, तोही स्पीकरवर. "आज थांबलोय. पावण्याचं गुडघं धरल्यात." पलीकडून हसण्याचा गदारोळ आला. फोन ठेवून तो भिंतीकडं तोंड करून जो झोपला तो संध्याकाळपर्यंत. मी दोघांचे कपडे धुतले, दोन्ही सायकलींच्या चेन पुसून तेल दिलं, पेढे आणले. दिवस कलल्यावर तो उठला, सोडा प्यायला, मोठा ढेकर दिला आणि मला विचारलं, "वाटतंय न्हवं बरं आता तुला?"

मी हसलो. तुम्हीही हसला असता. मित्राची लबाडी पहिल्यांदा कळते तेव्हा गोडच वाटते.

दावणगेरेला पुन्हा तेच. मग मदुराईला. तिथल्या लॉजचा जिना चढताना तो मधेच भिंतीला हात लावून थांबला आणि समोरची तमिळ पाटी वाचू लागला.

"तमिळ कवा शिकलास?"

"चित्र बघतोय."

पाटीवर चित्र नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. मी डॉक्टरकडं चल म्हणालो. "गॅस हाय मर्दा. तुमच्या मुरगुडात गॅस हुईत न्हाय व्हय?" दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सायकल उलटी. तिसऱ्या दिवशीही. तालमीत फोन गेला की पावण्याला जुलाब लागलेत.

परत आलो तेव्हा तालमीत आमचा सत्कार झाला. फेटे, शाली, हार, पेढे. त्याला बोलायला लावलं, तर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "माणूस सोन्यासारखा. फकस्त बसतोय लई." सगळी तालीम हसली. हसणं थांबेपर्यंत शालीखाली त्यानं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. त्या हाताचा मला आज फार राग येतो. काही सांगायचं होतं तर तोंडानं सांगायचं.

गेल्या हिवाळ्यात चंदगडवरून तिलारी घाटानं गोव्याला उतरायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर माझ्याच अंगणात माझी सायकल उलटी. म्हणजे पहाटे तो गल्ली ओलांडून आला होता, फाटक उघडलं होतं, सामान बांधलेली ती सायकल उचलून उलटी केली होती आणि परत गेला होता.

मी नियम मोडला. तसाच त्याच्या घरी गेलो. तो पायरीवर चहाचा कप घेऊन बसला होता. अंगात स्वेटर, आणि स्वेटरची मान घामानं ओली. चहाला त्यानं तोंडही लावलेलं नव्हतं.

"ऊठ. दवाखान्यात जाऊ."

त्यानं दारात उभ्या असलेल्या बायकोकडं बघितलं. समोर कट्ट्यावर तालमीतले दोघं बसले होते, त्यांच्याकडं बघितलं. मग मोठ्यानं म्हणाला, "बघा, सोता दमलाय आन मला दवाखान्यात न्हेतोय." कट्टा हसला. वहिनीही हसल्या.

"वहिनी, जरा त्याचा चेहरा बघा."

"सामान बांधत जागं होते वो भावजी," त्या म्हणाल्या. "झोप न्हाय झाली, दुसरं काय."

तो माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "बस की आजच्या दिवस. उद्या जाऊ." मी रिक्षा घेऊन आलो तोवर त्यानं आतून कडी लावली होती. वहिनी म्हणाल्या, झोपू दे त्यांना. रिक्षा परत पाठवली. दुपारी कडी निघेना, दार ढकलून उघडावं लागलं.

कट्ट्यासमोर त्याचा भला मोठा फलक लागला. सायकलवरचा फोटो, आणि खाली 'कधीच न दमलेला गडी'. तो लावणारी पोरं चांगली आहेत, ती खरोखर रडली. पण या चांगल्या माणसांतल्या एकानं जरी त्याला कधी 'बस लेका, दमला असशील' म्हटलं असतं, तर तो बसला असता असं मला वाटतं. मेल्यावरही त्याला सायकलवरच बसवलं. दूध आणायला जाताना रोज तो फलक वाचावा लागतो आणि रोज माझं डोकं फिरतं. पोरांवर फिरतं, त्याहून जास्त त्याच्यावर.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी चहाला बोलावलं. त्याचीच पायरी, त्याच्याच जागेवर मला बसवलं. समोर कट्टा भरलेला होता. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि हात जोडले.

"भावजी, एक बरं झालं. तुमी त्या दिवशी दमलासा. न्हाईतर कुठं घाटात, परक्या माणसांत गेलं असतं. तुमच्यामुळं घरात गेलं."

खरं काय ते माझ्या ओठावर आलं होतं. धारवाड, दावणगेरे, मदुराई, अंगणातली सायकल, सगळं. कट्ट्यावरची बोलणी थांबली होती, सगळे आमच्याकडं बघत होते.

"व्हय वहिनी," मी कट्ट्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "लई दमलतो."