दाजींचा फोटो उतरवून घेताना

दिनांक १८ जानेवारी २००७, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी लातूरच्या बसस्थानकावर निलंग्याच्या गाडीत बसलो. पिशवीत डिजिटल कॅमेरा होता. काम एकच होते. अक्काच्या घरातील दाजींच्या फोटोवरून फोटो घ्यायचा आणि तो संगणकात उतरवून ठेवायचा.

अक्का माझी थोरली बहीण. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या रात्री ती माझ्याकडे लातुरात होती, दाजी गावी होते. ते घराखाली गाडले गेले. ढिगाऱ्यातून एक पत्र्याची पेटी निघाली, तीत हा फोटो होता. लग्नानंतर दोघे माहूरला देवीच्या दर्शनाला गेले, तेव्हा तिथल्या फोटोवाल्याने काढलेला, पोस्टकार्डाएवढा. पेटीत पाणी शिरल्याने अक्काची बाजू धुऊन गेली होती. फोटोतले दाजी तेवढे वाचले होते. त्यांचा दुसरा फोटो कुठेही नव्हता.

पुनर्वसनात मिळालेल्या घरात अक्का एकटी राहत असे. रोज अंघोळ झाली की ती ओले कुंकू बोटावर घेऊन दाजींच्या कपाळाला लावी. फोटोची काच फुटलेली होती. नवी काच बसवून देण्याचे मी अनेकदा सुचवले. तिचे उत्तर ठरलेले होते.

"मातीआड गेले ते बास झालं. आता काचंआड नगं."

त्यामुळे कुंकू थेट कागदावर बसे. वर्षानुवर्षांचा तो थर कपाळावरून खाली सरकत डाव्या डोळ्यावर आला होता. संक्रांतीला मी गेलो, तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "डोळे मिटले की आधी तोंड दिसायचं. आता दिसंना झालंय. फोटोत बघावं, तर तितं बी लालच." एवढे बोलून तिने भाकरी उलटली. पुढच्या पावसाळ्याच्या आत हे काम झाले पाहिजे, असे मी तेथेच ठरवले.

फोटो ती घराबाहेर नेऊ देत नव्हती. लातुरातील एका स्टुडिओवाल्याला मी येण्याविषयी विचारले होते. तो म्हणाला, "काका, तिकडं कशाला? फोटो आणून द्या. कोट घालतो, मागं बगीचा टाकतो, एकदम साहेब करून देतो." दाजींनी आयुष्यात कोट घातला नव्हता. मी निघून आलो.

कॅमेरा नांदेडच्या लेकीने दिवाळीत दिला होता, तेव्हापासून तो खोक्यातच होता. तिचा जुना संगणकही माझ्याकडेच होता. तिने फोनवरून मला शिकवले. जवळच्या वस्तूसाठी फुलाचे चिन्ह निवडावे. बटण अर्धे दाबून थांबावे, चौकट हिरवी झाली की पूर्ण दाबावे. कोपरे बरगडीला टेकवावेत. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून मी हयात घालवली होती. रेषा आणि पातळी कळत होती, उजेड कळत नव्हता.

मी पोहोचलो, तेव्हा अक्काने फोटोपुढे समई लावली होती, झेंडूचे फूल ठेवले होते आणि कुंकू नुकतेच लावले होते. ते ओले चमकत होते.

"आज तुज्या दाजींचा फोटो निघणार, तर उघड्या कपाळानं बसवू व्हय त्यांना?" ती म्हणाली.

"अक्का, डोळा झाकला गेलाय. जरा पुसून घेऊ."

"माझं पुसलं लोकांनी. आता त्यांचं बी पुसतूस?"

आत अंधार होता, म्हणून फ्लॅश चालू ठेवला आणि आहे तसे फोटो काढले. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर ते बरे दिसले. अकराच्या सुमारास घरी परतलो.

बारा वाजता वीज जात असे. संगणक सुरू करून मी नांदेडला फोन लावला.

"अप्पा, केबल लावली का?"

"लावली."

"कॅमेरा चालू केला का?"

केला नव्हता. केला. पडद्यावर खिडकी उघडली.

"आता फोटो निवडा. कट करू नका, कॉपी करा. लाईट गेली तरी मूळ कार्डावर राहायला पाहिजे."

मी 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये दाजींसाठी कप्पा केला आणि कॉपी दिली. कागद उडत गेल्याचे चित्र दिसले. मग पहिला फोटो उघडला. दाजींच्या गालावर फ्लॅशचा पांढरा गोळा होता. दुसऱ्यात समईची ज्योत कागदावर उमटली होती. उरलेले हललेले होते, मिशी कुठे संपते आणि ओठ कुठे सुरू होतो ते कळत नव्हते. लहान पडद्याने मला फसवले होते.

"राहू द्या अप्पा. मी पुढच्या महिन्यात येते, मग बघू."

"फ्लॅश नको, तर उजेड कुठला घ्यायचा?"

"दाराचा. सावलीतला. ऊन थेट पडू देऊ नका. अहो, पण आता कुठं निघालात? जेवलात का?"

तेवढ्यात वीज गेली. मी दहीभात खाल्ला आणि पुन्हा बसस्थानक गाठले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासवाल्यांचे फलक होते. गुणवंत मुलांचे चेहरे दारापेक्षा मोठे, प्रत्येकाखाली टक्के. माझ्या माडीवर भाड्याने राहणाऱ्या मुलीसुद्धा त्या फलकांकडे पाहत क्लासला जात. मला एकच चेहरा हवा होता, सुपारीएवढा.

मला परत आलेला पाहून अक्का उंबऱ्यातूनच ओरडली, "काय रं, काय इसरलास?"

"जमलं नाही. पुन्हा काढायचे."

"इंजनेर म्हणं! सरकारनं ह्याच्या हातानं घरं बांधून घेतली!"

समई विझवण्याची परवानगी तिने दिली. मी दाराशी पाट मांडला. घर पूर्वाभिमुख असल्याने दुपारी उंबऱ्यात सावली होती आणि अंगणातून पसरट उजेड येत होता. पाटावर फोटो ठेवला, तर तो वाऱ्याने हलू लागला. तेव्हा अक्का स्वतः खाली बसली, डोक्यावरून पदर घेतला आणि फोटो दोन्ही हातांत धरला.

सकाळचे कुंकू एव्हाना वाळले होते. तिने ते निरखले. मग फोटो थोडा पुढे कलता केला आणि मागच्या पुठ्ठ्यावर बोटाने हलकेच टिचकी मारली. भुकटी तिच्या मांडीवर पडली. तिने आणखी एकदा टिचकी मारली. डोळ्यावरचा थर पापुद्र्यासारखा सुटला.

"पुसलं न्हाई," ती म्हणाली. "वाळलं की आपनच पडतं."

कागदावर डाग राहिला, परंतु डागाखाली डोळा होता. मी कोपरे बरगडीला टेकवले, श्वास रोखला, चौकट हिरवी होईपर्यंत थांबलो आणि बटण दाबले. या वेळी पडद्यावर विश्वास ठेवला नाही. भिंगाचे बटण दाबून चेहरा मोठा केला, मिशीचे केस वेगळे दिसतात का ते पाहिले. दिसत नव्हते. पुन्हा काढला. अक्काचे हात अवघडले, तिने कुरकुर केली नाही. काही प्रयत्नांनंतर केस वेगळे दिसले.

मी कॅमेरा तिच्यापुढे धरला. ती बराच वेळ पाहत होती.

"एक भिवई वर चढलेली असायची," ती म्हणाली. "ते इसरलेच हुते मी."

मग पदराने हात पुसून चहा ठेवायला उठली.

संध्याकाळी वीज आल्यावर संगणक लावला. केबल, कॅमेरा, मग कॉपी, या वेळी फोन न करता. मोठ्या पडद्यावर दाजी स्पष्ट आले. डाव्या कडेला, जिथे पूर्वी अक्का होती त्या ओलीने गेलेल्या भागावर, अक्काचा अंगठा आला होता. नखात कुंकू होते. नांदेडला कळवले, तेव्हा लेक म्हणाली, "अंगठा कापता येतो अप्पा, क्रॉप म्हणतात त्याला. सांगू का?"

"नको," मी म्हणालो. "सीडी कशी करायची ते सांग."

तिने सांगितले. मी एक सीडी तयार केली, बाहेर काढली, पुन्हा आत घालून फोटो उघडतो का ते तपासले. उघडला. मग दुसरी कोरी सीडी घातली आणि एक घर गेले तरी दुसऱ्यात राहावा म्हणून, अक्काच्या घरी ठेवण्यासाठी तीवरही तोच फोटो उतरवला.