आपांकडची झोप

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी आपा न विचारता आमच्या स्वयंपाकघरात शिरायच्या आणि गॅस बंद करायच्या. कढईतली भजी अर्धी कच्ची असली तरी बंद. मग आईच्या हातातला झारा काढून घेत म्हणायच्या, "चल व सुमन. घर कुठं पळून जात नाही."

अकोल्यात जठारपेठेजवळच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर अगदी समोर होतं. चाचांचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं, घड्याळदुरुस्तीचं दुकान. आपा आईपेक्षा बऱ्याच मोठ्या, अंगानं भक्कम आणि आवाज असा की हळू बोलल्या तरी तिसऱ्या घरी कळावं. त्या आईला घरी न्यायच्या, आतल्या खोलीत पंखा लावायच्या आणि झोपवायच्या. बस्स, एवढंच. चहा नाही, गप्पा नाहीत. आई काही बोलायला लागली की दटावायच्या, "बोलणं उद्या. आता डोळे मीट."

आता हे आमच्या आजीला, आईच्या सासूला, कसं पटावं? घरात नणंदा, भाचरं, पाहुणे. म्हणून आपा दरवर्षी नवी थाप मारायच्या. एका वर्षी त्यांच्या फ्रिजचं दार लागत नव्हतं, ते आईला दाखवायचं होतं. जशी काही माझी आई मेकॅनिकच! दुसऱ्या वर्षी म्हणे सुनेला करंजी शिकवायची होती, आणि मुलाचं तर अजून लग्नही ठरलं नव्हतं. आजी तणतणायची, पण आपांपुढे तिचं काही चालायचं नाही. एकदा तिनं आईला बोलवायला मला धाडलं. दारातून आई दिसली, हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून झोपलेली. अशी आई मी घरी कधी पाहिली नव्हती. आपांनी मला तिथूनच हाकललं.

ईदला सगळं उलटं. सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्यांना शीरखुर्मा वाढून वाढून आपा दुपारी आमच्याकडे यायच्या आणि माजघरात आडव्या व्हायच्या. एकदा त्यांची नणंदच शोधत आली. आईला खोटं कुठलं जमतंय! लाल तोंडानं ती "दिसल्या नाहीत" म्हणाली, आणि आतून आपांचं घोरणं ऐकू येत होतं.

"सगळ्यायले गोडधोड खाऊ घालाचं अन् आपण डोकेदुखीची गोळी खायाची, हा कुठला सण व?" हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

पुढे चाचा गेले. मुलाला अमरावतीत नोकरी लागली, त्यानं घर विकलं आणि आपांना घेऊन गेला. त्या पाडव्याला दुपारी त्यांचा फोन आला, झोपली का म्हणून. आई कढईसमोर उभी होती. झोपलीच होती, तुमच्या फोननं उठली, असं तिनं सांगितलं, फोन ठेवला आणि रडली. त्यानंतरची प्रत्येक दिवाळी तिनं डोक्याला रुमाल बांधून काढली. कामाला बाई लाव, फराळ बाहेरून आण, असं आम्ही सांगितलं की आणखीच भडकायची.

या उन्हाळ्यात आपा गेल्या. माझं सासर अमरावतीचंच, मी शेवटचं पाहून आले. आईला कळवलं तेव्हा तिनं ऐकून घेतलं आणि लगेच फोन ठेवून दिला. मला फार काळजी वाटली तिची.

म्हणून या दिवाळीला तिला हट्टानं माझ्याकडे आणलं. फराळ विकतचा, जेवण बाहेरून. पाडव्याच्या दुपारी तिला बेडरूममध्ये नेलं, पडदे ओढले, दार लावून घेतलं. थोड्या वेळानं डोकावले तर बाई पलंगाच्या काठावर बसून माझ्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी चिडलेच. इथे तुला कोण उठवायला येतंय, म्हटलं.

"कोणी नाही येत व बाई," ती म्हणाली. "पण तिकडं मी सून होती, इथं मी तुझी आई आहो. आपाच्या घरी मी कोणीच नव्हती."

तेवढ्यात बेल वाजली, आणि मी उठायच्या आत पदर सारखा करून तीच दार उघडायला गेली.