नव्वद अंशांची आत्या

विघ्नहर्त्या गजाननास आणि कुडपणच्या ग्रामदेवतेस वंदन करून, माझ्या भाचीच्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त हे लिहावयास बसलो आहे. लिहावयाचे मात्र त्या कन्येच्या पित्याविषयी. वस्तू जिथल्या तिथे आहे की नाही याची चिंता सृष्टिकर्त्यानंतर कोणी वाहिली असेल, तर ती आमच्या या जावईबापूंनी.

पाटीएवढे टॅबलेट संगणक तयार करणाऱ्या एका कंपनीचे काम ते महाडला घरी बसून करतात. प्रत्येक नव्या यंत्राच्या माहितीच्या फाइलीत, कॅमेरा समोर आहे की मागे आणि किती अंश फिरवून बसवला आहे, हे त्यांनी लिहावयाचे. मी प्रथम हसलो. “यंत्राला स्वतःचा डोळा कुठे आहे हे ठाऊक नसतं?” ते गंभीरपणे म्हणाले, “नाही मामा. सांगावं लागतं. सांगितलं तेच ते खरं मानतं.” एवढा श्रद्धाळू शिष्य मला चाळीस वर्षांच्या अध्यापनात लाभला नाही.

या व्यवसायाने त्यांची दृष्टीच तशी झाली. आमच्या देवघरातला गणपती तीन अंश डावीकडे झुकला आहे, हे त्यांनी नमस्कारासाठी वाकलेले असतानाच सांगितले. पानात मीठ मध्यावर, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे पाहिली की त्यांना गहिवरून येते. एकदा आंबेनळी घाटात एस.टी. थांबली असता “आरसा चार अंश बाहेर हवा” असे त्यांनी चालकास सुचवले. चालक म्हणाला, “तुमी उतरा खाली, मंग बसवतो आरसा, तुमाला न इचारताच.”

अशा माणसाच्या लेकीचे बारसे. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. जावईबापूंची आई ते तान्हे असतानाच गेली. थोरल्या ताईनेच त्यांना वाढवले. तीच ही आत्या, आणि नेमका तिचाच पाय मोडून प्लास्टरमध्ये. डोंगरातल्या कुडपणहून महाडला उतरणे अशक्य. तेव्हा, तिच्या फोनवर बाळ इवलेसे दिसेल म्हणून, जावईबापूंनी चाचणीसाठी आलेला एक नवा टॅबलेट तिच्याकडे पोचवला. आत्या इथल्या दुसऱ्या टॅबलेटच्या पडद्यावरून नाव सांगेल असे ठरले.

पाळणा सजला, बायका जमल्या, आणि पडद्यावर ताई उगवली ती संपूर्ण आडवी.

“ताई, नीट बसा ना,” भाची म्हणाली.

“बसलेच हाय गो. तुमीच कलंडल्यात.”

मी यंत्र फिरवावयास सांगितले. तिने फिरवले, चित्रही तितकेच फिरून पुन्हा आडवे. बायकांनी माना खांद्याला टेकवून पाहिले. शेजारच्या काकू पुटपुटल्या, “आडव्या आत्यानं नाव ठेवू नये. ती चुलत आत्या आहे की इथं.” चुलत आत्या पदर सावरू लागली. पडद्यावरच्या ताईने हे ऐकले. म्हणाली, “ठेवू दे तिला. माजा पाय नाय, मान नाय.”

जावईबापूंचा चेहरा उतरला. त्यांनी फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला. या यंत्राचा कॅमेरा आखूड बाजूऐवजी लांब बाजूवर बसवलेला. यांनी जुन्या यंत्राची ओळ तशीच उतरवलेली. नव्वदच्या जागी शून्य. जगाचे कोन मोजणाऱ्याने स्वतःच्या ताईला आडवी पाडली होती.

“माना वाकवून उरकून टाकू,” काकू म्हणाल्या.

“चूक माझी, मान तुमची कशाला? मामा, मुहूर्त किती वेळ आहे?”

मी पंचांग न उघडताच म्हणालो, “आत्या उठून बसेपर्यंत.”

त्यांनी दुरूनच ती ओळ सुधारली. “पाटी इझली रे,” एवढे बोलून ताई नाहीशी झाली. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले. मग ती प्रकटली: सरळ, नव्या लुगड्यात, डोळे पुसत. जावईबापूंनी टॅबलेट पाळण्यात वाकवला. ताईने नाव सांगितले, कुर्रर्र केले. आणि रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत घालावयाचे सारे धपाटे टॅबलेट धरणाऱ्याच्या पाठीत पडले. त्यांनी ते अत्यंत समाधानाने सोसले.

आता ताई हिंडूफिरू लागली आहे, आणि पूर्वीसारखा आपला छोटा फोनच वापरते. परवा जावईबापूंना तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी डोकावलो. पडद्यावर नुसती हनुवटी आणि वर कौलांचे वासे. मी म्हणालो, “इतरांचे अंश मोजता, हिला फोन नीट धरायला कधी सांगणार?”

“नाही सांगणार, मामा,” ते हळूच म्हणाले. “ती फोन मांडीवर ठेवून बोलते. लहानपणी तिच्या मांडीवर पडलो की मला असंच दिसायचं. तो कॅमेरा बरोबर जागी बसलाय.”

वाचकहो, तुमच्या घरातही अशी एक मांडी असो, आणि ती जगदंबा तुमच्या लेकराबाळांना सदैव आपल्या नजरेत ठेवो.