अमेरिकेचा गहू आणि विश्राममास्तर

डोंबिवलीच्या वाचनालयासमोरच्या पटांगणात विश्राममास्तर बोलायला उभे राहिले, की पानाच्या ठेल्यावरचे लोकही पान तोंडात तसंच धरून ऐकायचे. मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे. आवाज खणखणीत, आणि तारखा जिभेवर. रविवारच्या वादसभेत त्यांना तोड नव्हती. होती ती एकच, पोपटराव गिरणीवाले. पिठाची गिरणी चालवणारा हा गृहस्थ अंगावरचं पीठही न झटकता सभेला यायचा आणि मास्तरांना नेमका आडवा जायचा.

एक्कावन्न साल होतं. रेशनवरचा शिधा कमी झाला होता. अमेरिकेने गहू द्यायचा की नाही, आणि दिला तर कोणत्या अटींवर, याचा घोळ तिकडे महिनोन् महिने चालला होता, आणि इकडे माणसं रांगेत उभी होती. अखेर गव्हाची जहाजं आली. त्या रविवारी सभेचा विषय आपोआपच ठरला.

"साम्राज्य आता तोफा घेऊन येत नाही," मास्तर म्हणाले, "ते पोती घेऊन येतं! कंपनी सरकार तागडी घेऊन आलं आणि दीडशे वर्षं बसलं. कोरियात बघा काय चाललंय. आज दाणा खाल, उद्या त्यांच्या लढाईत हो म्हणाल."

पोपटराव उठले. "मास्तर, इंग्रज इथून धान्य नेत होता. हा आणून देतोय. बंगालच्या दुष्काळात माणसं रस्त्यावर मेली तेव्हा कुणाचं पोतं आलं होतं? भुकेल्याने आधी खावं, मग भांडावं."

टाळ्या पोपटरावांनाही पडल्या. मास्तरांना ते खपलं नाही. त्यांनी हात वर केला आणि मनात नव्हतं ते बोलून गेले, "मी शपथ घेतो. अमेरिकेचा दाणा माझ्या घरात शिजणार नाही. आहे कुणाची तयारी?"

पटांगणातले निम्मे हात वर झाले. मागच्या बाजूला उभ्या असलेल्या धाकूचाही झाला. धाकू मूळचा कोकणातला, ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये कोळसा ओढायचा. लिहिता-वाचता येत नसे, पण मास्तरांचं भाषण कधी चुकवायचा नाही. सभा संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, "मास्तर, आज छाती भरली बगा."

मास्तरांची शपथ आठवडाभर टिकली. मग एका संध्याकाळी ते शाळेतून थकून आले, तर घरभर पोळ्यांचा वास. त्यांच्या बायकोने, मालनने, ताट वाढलं. तिच्या कडेवरची पोरगी गव्हाच्या पेजेचं बोट चोखत होती. मास्तरांनी गहू कुठला ते विचारलं नाही. चार पोळ्या खाल्ल्या. विचारलं नाही म्हणजे ठाऊक नाही, असा त्यांनी स्वतःशी तह करून टाकला, आणि तो पुढे रोज पाळला.

दळण अर्थातच पोपटरावांच्या गिरणीत जायचं. कुणाच्या डब्यात काय आहे, हे त्यांच्याइतकं गावात कुणाला कळत नव्हतं. पुढच्या सभांत मास्तर अमेरिकेवर तुटून पडायचे तेव्हा पोपटराव उत्तर द्यायचे, पण त्या डब्याविषयी चकार शब्द काढायचे नाहीत. मास्तर त्यांच्याकडे बघायचं टाळू लागले. वाद जिंकत होते आणि मान खाली जात होती.

दिवाळीच्या थोडं आधी धाकू विहिरीवर घागर ओढताना कोसळला. लोकांनी उचलून घरी नेलं. मास्तरांच्या कानावर आलं तसे ते ठाकुर्लीला गेले. खोलीत धाकू भिंतीला टेकून बसला होता, गालफडं बसलेली. कोपऱ्यात त्याची म्हातारी आई, सखुबाई, गोधडीत पडून होती. चुलीवर कसलीतरी कंदमुळं शिजत होती.

"रेशन नाही आणलंस?" मास्तरांनी विचारलं.

"तांदूळ आणतो की. पुरत नाय. गहू आन् ती अमेरिकेची मिलो जवारी दुकानातच सोडतो," धाकू म्हणाला. "तुमच्यासमोर हात वर केलाय ना मी."

म्हातारीने मान वळवली. "मास्तर, तुमी काय खाता हो घरी? आमाला पन सांगा. पोराच्यानं काम होत नाय आता."

मास्तरांच्या तोंडात शब्द तयारच होता. "तेच, आजी. तुम्ही खाता तेच."

रस्त्याला लागल्यावर त्यांना आपलंच उत्तर डाचू लागलं. हजार लोकांसमोर जे बोललो ते निदान आवेशात; हे तर एका उपाशी म्हातारीच्या डोळ्यांत बघून. घरी जाऊन ते जेवले नाहीत. मालनने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "उद्या जरा जास्त पोळ्या कर."

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ते परत गेले. धाकूसमोर बसून त्यांनी एक पोळी उलगडली, तुकडा मोडला आणि खाल्ला.

"हा अमेरिकेचा गहू आहे धाकू. शपथ घेतली त्याच्या पुढच्या आठवड्यापासून मी हाच खातोय. काल आजींशी खोटं बोललो."

धाकू शिव्या देईल, निदान ओरडेल, असं त्यांना वाटलं होतं. ते सोसायची तयारी करून ते आले होते. धाकूने डब्यातली पोळी पाण्यात कुस्करली आणि आईला भरवू लागला. सखुबाईने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "गोड हाय रे." धाकूचे डोळे भरून आले. मास्तरांकडे पाठ ठेवूनच तो म्हणाला, "तुमी या आता."

सखुबाई सावरली, पुढे पाच-सहा वर्षं जगली. धाकू सभेला परत आला नाही. मास्तरांनी पुढच्या रविवारी उभं राहून शपथ मोडल्याचं सांगितलं. कुणी हसलं, कुणी म्हणालं, "आमचीही मोडली होती." त्या दिलाशानेच त्यांना जास्त लाज वाटली. एकट्या धाकूची मोडली नव्हती.

सुवेझवर इंग्रज-फ्रेंच चालून गेले त्या वर्षी पटांगण पुन्हा भरलं. अमेरिकेनेच त्यांना माघार घ्यायला लावलं, आता काय म्हणता मास्तर, असा पोपटरावांनी सवाल टाकला. मास्तर म्हणाले, "आज बरोबर केलं. म्हणून उद्याही करतील असं नाही. माझं म्हणणं अजून तेच आहे, पण ते माझ्यापुरतं आहे." पुढच्या रांगेतल्या एका तरुणाने विलायती मालावर बहिष्काराची शपथ द्या म्हणून गलका केला. मास्तर शपथ न देताच मंचावरून खाली उतरले.

पुढे कधीतरी विठ्ठलवाडीच्या बाजारात धाकू दिसला. बदली होऊन तिकडे राहायला गेला होता. त्यानेच आधी हात जोडले, पूर्वीसारखेच.

"मास्तर, भाषनं चालू हायेत ना?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मास्तरांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, "कधी कधी" म्हणाले, आणि गर्दीत वाट काढत चालू लागले.