उजवा कान

माणसाच्या प्रेमात कुठून पडायला सुरुवात करावी, याचा काही नियम नाही. मी कानापासून केली. उजव्या.

तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. नोकरीत कायम, लग्नाच्या बाजारातून रीतसर निवृत्त. आई गेल्यावर घरात मी आणि एक मनीप्लँट. कांजूरमार्गच्या आमच्या वसाहतीत दर एप्रिलमध्ये जयंतीला एकांकिका बसते आणि प्रॉम्प्टिंग माझ्याकडे असतं. म्हणजे विंगेत स्टुलावर बसायचं, वही मांडीवर ठेवायची, ओळीवर बोट फिरवत राहायचं आणि कुणी अडकलं की पुढचे दोन शब्द हळूच सोडायचे. ‘हळूच’ हा माझ्या स्वभावातला शब्द नाही. एरवी मी तिसऱ्या मजल्यावरून बोलले तर खाली रस्त्यावर भाजीवाला थांबतो. पण विंगेत मी वेगळीच बाई होते.

त्या वर्षी म्हाताऱ्या बापाच्या कामाला कुणी मिळेना. आमचे दिग्दर्शक म्हणजे निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे सरच म्हणतात. त्यांनी मागच्या बिल्डिंगमधून एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना धरून आणलं. वय एक्कावन्न. बायको जाऊन चार वर्षं झालेली. मुलगी नाशिकला, आणि मे महिन्यात हेही तिच्याकडे कायमचे निघालेले.

“सर, माझ्या लक्षात राहत नाही हो. ती गेल्यापासून डोक्यातलं नुसतं गळतंय.”

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “ही असताना आजवर कुणी स्टेजवर पडलेलं नाही.”

“मॅडम, नक्की ना?” त्यांनी विचारलं.

“मी आहे,” मी छाती काढून म्हणाले. काय ती ऐट!

सरांनी बापाची खुर्ची अशी मांडली की त्यांची उजवी बाजू बरोबर माझ्याकडे यावी. मध्ये दोन हातांचं अंतर. तीन महिने, रोज संध्याकाळी, समाजमंदिराचे पंखे गुणगुणत असताना मी ती उजवी बाजू वाचली. जाडसर, प्रेमळ पाळीचा कान. त्यावर दोन पांढरे केस, गच्चीत उगवलेल्या गवतासारखे, कुणी न लावलेले. मानेवर केस संपतात तिथे एक खळगा. दुमडलेली बाही, आणि बोटांच्या पेरांत साबणाला दाद न देणारं वंगण. चहाच्या वेळी ते समोर आले की मी आपली कपात बघायचे. डावी बाजू कशी आहे, मला पत्ताच नव्हता. अर्धा माणूस मला पुरत होता.

माझ्या भावाची बायको नाटकात सुनेचं काम करत होती. ती एकदा चहा गाळता गाळता म्हणाली, “ताई, डायलॉग मी पण विसरते हां. माझ्याकडे पण बघत जा कधीतरी.”

“तुझे कान पंधरा वर्षं बघतेय गं.”

“अरे देवा, म्हणजे कानापर्यंत पोचलात?”

संध्याकाळी कधी वारा फिरायचा आणि डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास खिडकीतून आत यायचा. सगळे नाकाला रुमाल लावायचे. हे मात्र खिशातून एक सोनचाफा काढायचे, स्टेशनवरच्या फुलवालीकडून आणलेला, आणि संवाद न तोडता उजवा हात लांबवून माझ्या स्टुलाच्या कडेवर ठेवायचे. बघायचे नाहीत, बोलायचे नाहीत. फुलाला चाफ्याचा वास, देठाला वंगणाचा. मी वाऱ्याची वाट बघू लागले. कचऱ्याच्या वाऱ्याची वाट बघणारी कांजूरमार्गमधली मी पहिलीच बाई असेन.

प्रयोगाच्या संध्याकाळी मैदानात निळे पडदे लागले होते. दिवे पेटले, आणि पलीकडच्या दिव्याने तो कान आरपार गुलाबी झाला. त्यातली बारीक शीर दिसली. झालं! मी गेले. त्या कानात मी मनातल्या मनात काय काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वसाहतीतली माणसं वाचतात. एवढंच सांगते की त्या स्वप्नात उशी एक होती आणि घाई कुणालाच नव्हती.

मग मला शांतता ऐकू आली.

ते थांबले होते. दोन बोटं मांडीवर आपटत होते. ही आमची खूण. मी वहीकडे पाहिलं. सातवं पान. सातव्या पानावर बापाला अजून पेन्शनचं पत्रही आलेलं नव्हतं आणि स्टेजवर तर तो घर सोडून निघाला होता. घामाने पानं चिकटली. ती बोटं आपटतच राहिली.

“बाबा, जाण्याआधी चहा तरी घ्या,” वहिनी म्हणाली. हे वहीत नव्हतं.

“टाक,” ते म्हणाले.

ती विंगेत आली, मला सणसणीत चिमटा काढला आणि पुटपुटली, “चौदा! पान चौदा!” मी पान काढलं, शब्द फेकले, त्यांनी झेलले. नाटक पार पडलं. टाळ्यासुद्धा आल्या.

पावडर पुसत ते थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“कुठल्या पानावर होतात?”

“सातव्या.”

“नाटक चौदाव्यावर होतं.”

“हो.”

“सात पानं काय करत होतात?”

चष्मा, लाइट, डास, सगळी खोटी उत्तरं तोंडात तयार होती. पण बाहेर पडलं ते खरं, आणि माझ्या मूळ आवाजात. “तुमचा कान बघत होते!”

साउंडवाल्याने मान वळवली. हे हसले नाहीत. “मॅडम, मी तिकडे एकटा होतो. तुमच्या भरवशावर.” आणि न जेवता निघून गेले.

नऊ दिवस. आमची लिफ्टसुद्धा मेली बंद पडेना. दहाव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी वही घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. आत दोन खोकी बांधून ठेवलेली.

“चुकलं माझं,” मी म्हणाले. “सरांना सांगितलंय, पुढच्या वर्षी दुसरा प्रॉम्प्टर बघा.”

“बसा.”

मी बसले. ते समोर बसले आणि या वेळी माझ्या हातात कप नव्हता. डाव्या भुवईत एक जुना व्रण होता. डाव्या कानाची कड वरून जराशी तुटलेली. या बाजूवर मी एक दिवसही खर्च केला नव्हता.

“प्रॉम्प्टर बदलला ते बरं केलंत,” ते म्हणाले. माझा जीव चपलेत गेला. “बघणाऱ्या माणसाने विंगेत बसू नये. पहिल्या रांगेत बसावं.”

“पण तुम्ही तर नाशिकला...”

“पुढच्या जयंतीला काम आहे ना मला.” त्यांनी खोक्याची दोरी उगाच चाचपली. “तालमी जानेवारीपासून. पाठांतर त्याच्या आधी. माझं डोकं हे असं. एवढ्यासाठी कशाला जा-ये करायची?”

तेवढ्यात वारा फिरला. वास आला, चांगला दणदणीत. खिडकी लावायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही. त्यांनी खिसा चाचपला, फूल नव्हतं. मग रिकामाच हात त्यांनी टेबलावर ठेवला, माझ्या बाजूला. मी तो उचलून नाकाशी नेला.

“ऐक ना,” ते म्हणाले. पहिल्यांदाच एकेरीत. “खोकी सोडायला मदत करशील?”

“करते. पण आधी तो डावा कान जरा इकडे कर.”