गाडीचा मुरांबा

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात वेगाला सर्वांत जास्त भिणारा माणूस आणि सर्वांत वेगवान गाडीचा मालक, असे दोन पुरस्कार उद्या कुणी जाहीर केले, तर ते दोन्ही एकाच घरात जातील आणि ते घर तुमच्या खामगावच्या आजोबांचं असेल. नात्याने ते माझे चुलतदीर. तुम्ही परवा फोनवर विचारलंत, की आजोबांनी ती स्पोर्ट्‌स कार शेवटी चालवली का? मी "लिहून कळवते" म्हणाले, कारण ही हकिकत फोनवर सांगायला घेतली, की निम्म्यात तुमचा कसला तरी क्लास सुरू होतो. शिवाय या प्रश्नाचं उत्तर "हो" किंवा "नाही" असं देता येत नाही. भाऊजींच्या बाबतीत कुठल्याच प्रश्नाचं देता येत नाही.

खामगावात त्यांची जिनिंग फॅक्टरी. कापसातली सरकी वेगळी करायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, यात त्यांचं आयुष्य गेलं. सत्तरी आली तेव्हा त्यांनी कामातून अंग काढून घेतलं आणि या वयात लोक चारधामाला जातात तशी ही गाडी मागवली. परदेशी कंपनीने अशा शंभरच गाड्या बनवल्या होत्या. भाऊजींची सदतिसावी. तसा आकडा कोरलेली एक चकचकीत पट्टी गाडीत आतल्या बाजूला आहे आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती दुरून, हात मागे बांधून, दाखवण्यात येते. रंग मोरपंखी, दारं दोन, जागा दोन, आणि मागच्या डिकीत पूजेचं एक तबक मावेल, पण त्यात नारळ ठेवला तर झाकण लागणार नाही. गाडी बंद ट्रकमधून आली. उतरवण्यासाठी फॅक्टरीतले सहा हमाल बोलावले होते. एरवी रुईच्या गाठी खांद्यावर मारणारी ती माणसं त्या दिवशी अनवाणी, हातात पांढरे मोजे घालून, नवरीला मंडपात आणावं तशी गाडी ढकलत होती. इंजिन सुरू करायचं भाऊजींनी टाळलं, कारण मीटरवर अकरा किलोमीटर होते, ते कंपनीच्या आवारातले, आणि भाऊजींना त्या अकराचे बारा होऊ द्यायचे नव्हते.

गाडीसाठी त्यांनी गाठींचं एक गोदाम रिकामं केलं. खामगावात हंगामात कापसाचे तंतू हवेत इतके उडतात, की म्हशीसुद्धा म्हाताऱ्या दिसायला लागतात. म्हणून गोदामाच्या फटी बुजवल्या, एसी बसवला, दाराशी दोन पायपुसणी टाकली, एक चपलांसाठी आणि एक चपला काढल्यानंतर पायांसाठी. बॅटरी उतरू नये म्हणून एक नळी लावलेली असते. "सलाईन चालू हाये," असं ते पाहुण्यांना सांगतात, तेही आयसीयूबाहेर बोलतात त्या आवाजात. गाडी एका जागी उभी राहिली की टायर एका बाजूने चपटे होतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. तेव्हापासून दर एकादशीला ते गाडीची कूस बदलतात. म्हणजे ती हातांनी वीतभर पुढे ढकलायची, पुढच्या एकादशीला वीतभर मागे. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, बाळंतिणीचीसुद्धा इतकी बडदास्त कुणी ठेवत नाही." त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, बाळंतिनी शंभरच थोड्या असतात?"

आणि हा माणूस स्वतः फिरतो कशाने? एसटीने. ज्येष्ठ नागरिकांचं अर्ध्या तिकिटाचं कार्ड वरच्या खिशात, दोन रबरं लावून. ड्रायव्हरच्या मागची जागा धरायची आणि घाट लागला की पुढे वाकून त्याच्या कानात "हळू घे रे बाबू, कोनाच्या लग्नाले जायचं हाये का?" असं म्हणत बुलढाणा गाठायचं. बोथ्याच्या घाटात एका ड्रायव्हरने यांना विचारलं होतं म्हणे, "काका, कधी गाडी चालोली का?" भाऊजींनी खरं तेच उत्तर दिलं. "घरी हाये एक. पन चालोत नाई."

असेच एकदा ते एसटीने माझ्याकडे बुलढाण्याला आले. बरोबर माझी जाऊ, म्हणजे तुमची खामगावची आजी, होती आणि हातात परदेशी मासिकातला एक छापील लेख. त्यांच्या कागदपत्रांचं इंग्रजी माझ्याकडूनच वाचून घ्यायचा शिरस्ता आहे. छापलेल्या शब्दावर त्यांचा इतका विश्वास, की गाडीच्या पुस्तिकेची साडेतीनशे पानं त्यांनी मला मराठीत सांगायला लावली होती, सीटबेल्टच्या चित्रासकट. या लेखात जगभरातले गाडीमालक तावातावाने भांडत होते, की अशी दुर्मीळ गाडी चालवावी की जपून ठेवावी.

"वहिनी, हे प्रिझर्व्ह म्हंजे नेमकं काय?" भाऊजींनी विचारलं.

"जपून ठेवणं. आणि इंग्रजीत मुरांब्यालाही प्रिझर्व्हच म्हणतात."

माझी जाऊ इतका वेळ गुडघे चोळत बसली होती. ती म्हणाली, "मंग बरोबर हाये बाई. मुरांबाच घालून राह्यले हे. पन मुरांबा कधी ना कधी ताटात तरी येते."

तिला मी तुमच्यापुढे कधी नीट उभी केली नाही, ती माझी चूक. मेहकरपलीकडच्या बीबी गावची ही मुलगी. पन्नास वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मावतील, आणि त्यांतली शेवटची ही, की एकदा या गाडीत बसून माहेरी जायचं. गाडी आल्याचं तिने मोठ्या हौसेने बीबीला कळवलं होतं. तीन वर्षं गाडी काही तिथे उगवली नाही. तेव्हा तिची भावजय प्रत्येक लग्नात चारचौघींत विचारायची, "काय नणंदबाई, गाडी फोटोतच हाये का अजून?" सगळ्या हसायच्या. हीही हसायची. आणि मग एसटीने परत यायची.

भाऊजींकडे प्रत्येक वेळी कारण तयार. उन्हाळ्यात रंग तापतो, पावसाळ्यात चिखल, हिवाळ्यात रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्या. चौथा ऋतू असता तर त्यातही काहीतरी सापडलं असतं. गाडीची पूजासुद्धा त्यांनी पुरी होऊ दिली नव्हती. आपल्याकडे नवी गाडी आली की चारही चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी पुढे घेऊन ती चिरडतात. जाऊने लिंबं ठेवली, हळदकुंकू वाहिलं (बॉनेटवर नाही, बॉनेटवर पसरलेल्या प्लास्टिकवर), आणि सगळे बाजूला झाले. भाऊजी म्हणाले, "लिंबात अ‍ॅसिड असते. टायर खराब होतीन." झाली पूजा. जाऊने चारही लिंबं उचलली आणि लोणच्यात घातली. पुढे वर्षभर ती त्यांच्या ताटात फोड वाढायची आणि सांगायची, "घ्या. हे समोरच्या डाव्या चाकाचं."

असं हे अजून पंधरा वर्षं चाललं असतं. पण त्या दिवशी ते दोघं बुलढाण्याला आले होते ते मुळात तिच्या गुडघ्यांसाठी. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख दिली होती, दहा दिवसांनंतरची. बरोबर एक कागद दिला होता, ऑपरेशननंतर काय करायचं आणि काय नाही याचा. तो इंग्रजीत, म्हणून मासिकानंतर तोही माझ्या हातात आला. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. मांडी घालायची नाही. जिना चढताना आधी हा पाय. मग आलं, "गुडघ्याच्या उंचीपेक्षा खालच्या बैठकीवर यापुढे कधीही बसू नये."

"कधीही म्हंजे किती दिवस?" भाऊजींनी विचारलं.

"कधीही म्हणजे कधीही, भाऊजी."

"पाटावर नाई?"

"नाही."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिला. छापील होता, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. चहा न संपवताच म्हणाले, "चाल वं, साडेतीनची एसटी भेटते." पुढचं मला जाऊने फोनवर सांगितलं. घरी पोचल्यावर ते टेप घेऊन सरळ गोदामात गेले, गाडीचं दार उघडून सीटची उंची मोजली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. "जमिनीपासून नऊ इंच," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन. आवाज एखादं स्थळ मोडल्याचं सांगावं तसा. "वहिनी, येत्या रविवारी बीबीले जायचं हाये. तुमची गाडी घेऊन मागून या. आमच्यात फळ्या मावत नाई."

फळ्या कशाला, तर गतिरोधकांसाठी. ती गाडी रस्त्यापासून इतकी खाली, की वाटेत बेडूक बसला असेल तर त्याला उठवावं लागेल. म्हणून गोदामातल्या चार लाकडी फळ्या माझ्या जुन्या गाडीत टाकल्या आणि मी, निवृत्त मुख्याध्यापिका, एका स्पोर्ट्‌स कारची हमाल म्हणून निघाले. पहाटे पाचला निघताना जाऊने पदराआडून चार लिंबं काढली आणि न विचारता चाकांखाली ठेवली. भाऊजींनी एकदा लिंबांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि गाडी सुरू केली. आवाज असा झाला, की फॅक्टरीच्या पत्र्यावरची कबुतरं पुन्हा दिसली ती थेट संध्याकाळी. लिंबं मात्र नीट फुटली, चारही.

मग सुरू झाला तो अतिवेगवान प्रवास. ताशी तीसच्या वर काटा गेला नाही. चिखलीपर्यंत आम्हांला तीन एसट्या, सोयाबीनच्या दोन ट्रॉल्या आणि एक दूधवाला मागे टाकून गेले. दूधवाला तर गाडी बंद पडली समजून मदतीला थांबला. प्रत्येक गतिरोधकापाशी भाऊजी उतरायचे, मी फळ्या द्यायची, ते दोन अलीकडे आणि दोन पलीकडे रचायचे आणि गाडी बोहल्यावर चढवल्यासारखी वरून न्यायचे. मेहकरच्या अलीकडे तर एका गावातली माणसं चहा सोडून फळ्या लावायला आली. "बे, हे एवढी महाग गाडी अन् गतिरोधक चालत नाई हिले?" एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "काका, यापेक्षा उचलूनच देतो पलीकडे." भाऊजींनी यावर खरोखर विचार केला. या सगळ्या वेळात माझी जाऊ नऊ इंचांवर बसून काचेतून बाहेर बघत होती आणि ओळख असो नसो, दिसेल त्या बाईला हात करत होती.

बीबीत पोचलो तेव्हा वेगळाच घोटाळा झाला. तिला उतरताच येईना. गुडघे आखडले होते. मी एका बाजूने, भाऊजी दुसऱ्या बाजूने, पण ती म्हणाली, "राहू द्या, इथंच बरी हाये मी." मग सगळं बीबी गाडीपाशी आलं. चहा आला, शेव आली, अंगणात सतरंजी पडली आणि ती गाडीत बसून सगळ्यांच्या खाली, तरी सगळ्यांच्या वर. भावजय आली, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाली, "बसायले लयच खोल हाये बाई."

"फोटोतून उंच दिसते," जाऊ म्हणाली.

माहेरवाशिणीची ओटी भरायची ती गाडीतच भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, नारळ. त्या मऊ चामड्याच्या सीटवर पहिल्यांदा अन्नाचा कण पडला. एक कसला, पसाभर. तांदूळ सीटच्या फटींत गेले, कुंकू उडालं. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला होता. तो त्यांनी काढला आणि स्वतःचं कपाळ पुसून परत ठेवला.

ऑपरेशन उत्तम झालं, हे तुम्हांला ठाऊकच आहे. ती आता माझ्यापेक्षा भरभर चालते आणि माहेरी जाते ती भाचीच्या उंच गाडीतून. मला सांगायचं आहे ते त्याच रविवारच्या संध्याकाळचं. आम्ही परत खामगावला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. भाऊजींनी गाडी अंगणात उभी केली आणि इंजिन बंद केलं. मी माझ्या गाडीतून उतरले, तिला उठवायला हात पुढे करत गाडीपाशी गेले. ती मांडीवरच्या ओटीवर हात ठेवून झोपली होती, तोंड थोडं उघडं. भाऊजी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले होते.

"उतरवायचं ना?" मी हळूच विचारलं.

"थांबा जराशा, वहिनी," ते म्हणाले. "एकडाव उतरली की मंग पुन्हा बसता येनार नाई तिले हिच्यात."

मी मागे आले आणि ओट्यावर बसले. अंधार पडू लागला होता. अंगणातल्या दिव्याचं बटण दाराच्या आत होतं आणि त्या दाराची कडी मोठ्याने वाजते, म्हणून मी दिवा लावला नाही.