मामांचं रोड लर्निंग: नामपल्ली ते विकाराबाद

हैदराबादला लोक बिर्याणी खायला जातात, मी सिग्नलचे फोटो काढायला गेले. खुलासा करते. कॉम्प्युटरवर रेल्वेगाडी चालवायचा गेम असतो आणि त्यात माझ्यासारखे रिकामटेकडे लोक खरेखुरे मार्ग स्वतः बांधतात. रूळ, स्टेशनं, फाटकं, अगदी रुळाकडेच्या बाभळीसुद्धा. पुण्यात बसून मी नामपल्ली ते विकाराबाद हा मार्ग बांधत होते, कारण तिथे माझे मामा वर्षानुवर्षं गाडी चालवायचे.

चालवायचे, म्हणजे आता नाही. तपासणीत एक डोळा नापास झाला आणि त्यांना इंजिनातून उतरवून ऑफिसातल्या खुर्चीत बसवलं. तेव्हापासून मामा कुठल्याच गाडीत पाऊल ठेवत नाहीत. मामींचं माहेर त्याच मार्गावर पुढे, तांडूरला. तिथेही बसनंच जायचं.

"ह्यांना एकदा गाडीत बसव गं," मामी फोनवर म्हणाल्या. "बसमध्ये मला मळमळतंय ते सोड. पण हे स्टेशनकडं बघत पण नैत."

मी तिकीट काढलं.

पुण्याहून रात्रीची गाडी सकाळी नामपल्लीला सोडते. बाहेर पडल्यावर आधी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं घ्या, मग ऑटोवाल्यांशी घासाघीस न करता मेट्रो पकडा. मामा-मामी राहतात त्या दिलसुखनगरला जायला मध्ये कुठे बदलावी लागत नाही.

मामा दारातच होते. "आलीस? नाष्टा कर," म्हणाले आणि पेपरात शिरले. जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. माझा बेत साधा होता: आधी गेममध्ये गाडी चालवू द्यायची, गोडी लागली की स्टेशनवर न्यायचं. मामांनी चष्मा सारखा करून पडद्यावरचं नामपल्ली नीट पाहिलं. पडदा हातभर अंतरावर, त्यामुळे सिग्नल त्यांना स्वच्छ दिसत होता. "बरं बनवलीस," म्हणाले. मी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

"मला नै चालवता येणार."

"सोपं आहे मामा, ही बटणं..."

"बटणाचं नै बोलायलोय मी. रोड लर्निंग संपलं माझं."

नुसतं इंजिन चालवता येऊन भागत नाही, रस्ताही यावा लागतो, असा त्यांच्यात नियम आहे. चढ कुठे लागतो, कुठल्या वळणाआड सिग्नल लपतो, हे माहीत हवं. काही महिने एखाद्या मार्गावर गेलं नाही तर ड्रायव्हरला दुसऱ्याच्या गाडीतून तो पुन्हा पाहावा लागतो, मगच गाडी हातात मिळते.

"अहो, कॉम्प्युटरातल्या गाडीला कोण विचारायलंय?" मामी म्हणाल्या.

"गाडी ती गाडी." मामा पुन्हा पेपरात गेले. मग पेपराआडूनच म्हणाले, "सकाळची पॅसेंजर कधीय आता?"

मामींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गपचूप उठल्या आणि डब्यासाठी जास्तीची कणीक काढून ठेवली.

हा प्रवास जरूर करा. पॅसेंजरचं तिकीट चहाच्या खर्चात बसतं. लिंगमपल्लीपर्यंत इमारती पाठ सोडत नाहीत, शंकरपल्लीनंतर लाल माती आणि कापूस दिसायला लागतो. सीताफळांचे दिवस होते, त्यामुळे पाय ठेवायला जागा मिळेना, सगळीकडे टोपल्या. मामी डबा देऊन घरी थांबल्या होत्या, आम्ही दोघंच होतो. चढताना मामा पायरीशी थोडे थांबले. मी मागे उभी राहिले. मग ते चढले.

खिडकीतून लांबचा सिग्नल त्यांना धूसर दिसायचा. "तू बघून सांग," म्हणाले. इंजिनात दोघे असेच बोलतात. एकानं सिग्नल पाहून मोठ्यानं सांगायचा, दुसऱ्यानं पाहून पुन्हा म्हणायचा, म्हणजे चूक व्हायला नको. मी सांगायचे आणि मामा हात वर करून खणखणीत आवाजात परत म्हणायचे. अख्खा डबा आमच्याकडे बघत होता.

"क्या चचा, गाडी आप चला रैं क्या?" समोरच्या माणसानं विचारलं.

"नै मियां, रस्ता याद कर लेरौं."

त्यानं यावर जरा विचार केला आणि आम्हाला एक पिकलेलं सीताफळ दिलं.

विकाराबादला लोक उतरून अनंतगिरीच्या डोंगरावर जातात. आम्ही प्लॅटफॉर्मवरच बसून डबा आणि मिरची भजी खाल्ली. एक मालगाडी निघाली, मामांनी हात वर केला, इंजिनातून उलट हात आला. मामा बराच वेळ तिकडेच बघत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भजीही तिखट होती म्हणा.

संध्याकाळी दिलसुखनगरला पोचल्यावर ते हातपाय धुऊन थेट लॅपटॉपसमोर बसले. पडद्यावर स्टेशनातून सुटायचा सिग्नल, म्हणजे स्टार्टर, हिरवा झाला. मामांनी हात वर केला. "स्टार्टर, ग्रीन!"

गाडी जागची हलेना. म्हणजे मामा हलवेनात.

"काय झालं?"

"समोरून जबाब नै आला."

गेममध्ये दुसरा माणूस नसतो, हे मी सांगायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "स्टार्टर, ग्रीन!" मामी म्हणाल्या, "झोपेत हेच तर ओरडायचे. पाठ झालंय मला."

"पाठ नक्को. बघून सांग."

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. वाकून पडद्यावरचा दिवा नीट पाहिला आणि म्हणाल्या, "स्टार्टर, ग्रीन." मग गाडी सुटली. मामी तिथेच खुर्ची ओढून बसल्या, कारण बेगमपेटचा सिग्नल येणार होता. भाजी खाली लागली आणि आम्ही ती तशीच खाल्ली.

पुण्यात येऊन आता बरेच दिवस झाले. दिवाळीत दोघं तांडूरला गेली, गाडीनं. मामींना मळमळलं नाही, पण जातानाचे सगळे सिग्नल सांगावे लागले, अशी त्यांची तक्रार आहे.

काल मी पूर्ण झालेला मार्ग तपासायला घेतला. नामपल्लीचा सिग्नल हिरवा झाला. "स्टार्टर, ग्रीन," मी मोठ्यानं म्हणाले. घरात मी एकटीच असते. याआधी त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, काल वाटलं. गाडी तशीच उभी ठेवली, मामींना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पडद्यासमोर धरला.

"मामी, जरा बघून सांगा."